वर्गणीदार मिळाले, वाचक कुठं आहेत?

लोकवर्गणीतून पुस्तक काढलं म्हणजे निम्मी आवृत्ती छपाईआधीच खपली, असा हिशेब नवे लेखक मांडतात. गुगल फॉर्म, क्यूआर कोड आणि व्हॉट्सॲपचे चार ग्रुप एवढ्यावर छापखान्याचं बिल निघतं. माझ्या पहिल्या पुस्तकाचं असंच निघालं. तरीही मी म्हणेन, वर्गणीदार वेगळा आणि वाचक वेगळा.

पैसे कोण देतं? बी.एड.ची बॅच, शाळेतले सहकारी, मामू-चाचा, गल्लीतला किराणावाला. "आपली पोरगी लिहिते" म्हणून देतात. हे प्रेम मोठं आहे, पण त्यात पुस्तकाची निवड नसते. मशिदीच्या बांधकामाला किंवा गणपतीच्या वर्गणीला हात खिशात जावा, तसा तो जातो. पुढं पुस्तक शोकेसमध्ये बसतं.

ही पद्धत नवी नाही. श्री. व्यं. केतकरांनी ज्ञानकोशासाठी कंपनी काढली, लोकांना भाग विकले, वर्गणीदार जमवले. 1920च्या दशकात 23 खंड निघाले. 1974 मध्ये सुरू झालेल्या 'ग्रंथाली'नं सभासदांचे पैसे आधी घेतले, पण तिथंच न थांबता ग्रंथयात्रा काढून पुस्तकं गावोगाव नेली. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या फलटणकडचे लक्ष्मण माने यांचं पहिलं पुस्तक 'उपरा' 1980 मध्ये 'ग्रंथाली'नंच काढलं. पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कैकाडी समाजाचं जगणं, ज्यांनी ती पालं कधी जवळून पाहिली नव्हती अशा घरांत वाचलं गेलं. पुस्तक आपल्या माणसांच्या बाहेर गेलं, हे त्यातलं खरं यश.

मुस्लिम लेखकाला हा प्रश्न जास्त बोचायला हवा. 1990 मध्ये सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हापासून आपण सांगतोय की आमचं जगणं मराठीत यायला हवं. मग वर्गणी मोहल्ल्यातून आली आणि प्रतीही मोहल्ल्यातच फिरल्या, तर मराठीत लिहून साधलं काय?

उर्दूत पुस्तकाच्या प्रकाशनाला रस्म-ए-इजरा म्हणतात. शाल, हार, तकरीर आणि सही करून फुकट वाटलेल्या प्रती. मराठीतलं चित्र फार वेगळं नाही. फुकट मिळालेलं पुस्तक वाचायची घाई कुणालाच नसते.

म्हणून नव्या लेखकांना माझं सांगणं आहे. किंमत ठरवतानाच विक्रेत्याचं 30-40 टक्के कमिशन धरा. टपालावर फार विसंबू नका. स्वस्तातली रजिस्टर्ड बुक पोस्ट डिसेंबर 2024 मध्ये बंद झाली. त्यापेक्षा पिशवी उचला. साताऱ्याचा ग्रंथमहोत्सव, औदुंबरचं संक्रांतीचं संमेलन, तासगाव-विट्याची वाचनालयं, कराडच्या शाळांतले शिक्षक, हे सगळे एसटीच्या अंतरावर आहेत. तिथं भाषण नको, पुस्तकातलं एक पान वाचून दाखवा. वर्गणीदारालाही प्रत देताना एवढंच मागा, "वाचून झालं की मला न ओळखणाऱ्या एकाला याबद्दल सांगा."

आणि जाहिरातीत "नवोदित लेखिकेला हातभार लावा" ही ओळ नको. "मुस्लिम असून किती छान मराठी" हे कौतुक तर त्याहून नको. त्यानं माणूस आपल्याकडं बघतो, पुस्तकाकडं नाही. आत काय आहे, ते सांगा.

हिशेबाच्या वह्या दोन ठेवा. एकीत जमलेला आणि खर्च झालेला पैसा. तो वर्गणीदारांना दाखवणं आपल्यावर फर्ज आहे. दुसरीत, आपल्याला अजिबात न ओळखणाऱ्या किती जणांनी पुस्तक विकत घेतलं, ते. या दुसऱ्या वहीत पन्नास नावं झाली, तरी पुस्तक घराबाहेर पडलं असं मी मानेन.