उजेड टोचतो, हे सोंग नव्हे



गेल्या हंगामात केज तालुक्यातल्या एका गावात बचत गटाच्या बैठकीला गेले होते. तिथे एका आजीची गाठ पडली. वय साठीच्या पुढे. मुलगा-सून कोयता घेऊन कारखान्याला गेलेले, मागे आजी आणि दोन नातवंडे. आजी दिवसभर दार लोटून, पदर डोळ्यांवर ओढून अंधारात बसायची. "बाहेरचं झालंय," असे गावाचे निदान. "काम नको म्हणून सोंग," हे भावकीचे. आजी मला एवढेच म्हणाली, "उजेड डोळ्यात टोचतोय, बाई. कुणाला पटंना."

तिच्या पिशवीत कंपवाताच्या गोळ्या होत्या. त्यातली एक ट्रायहेक्सिफेनिडिल. ती कशासाठी आणि तिने आणखी काय होऊ शकते, हे तिला कुणी सांगितले नव्हते. तिनेही विचारले नव्हते. डॉक्टरांना प्रश्न विचारायचा असतो, हे आपण बायकांना शिकवतो तरी कुठे?

ही गोळी शरीरातल्या असेटिलकोलीन नावाच्या रसायनाचे काम रोखते. त्याने थरथर आणि ताठरपणा कमी होतो. पण उजेडात डोळ्याची बाहुली बारीक व्हायलाही हेच रसायन लागते. ते अडले की बाहुली मोठीच राहते आणि ऊन थेट आत शिरते. जवळचे अंधुक दिसते, सुईत दोरा ओवत नाही. तोंड कोरडे पडते, घाम कमी येतो, म्हणून आपल्याकडच्या उन्हाळ्यात जपावे लागते. उतारवयात विसरभोळेपणा आणि गोंधळही वाढू शकतो. मानसिक आजाराच्या काही औषधांनी येणारा ताठरपणा घालवण्यासाठीही हीच गोळी देतात. तेव्हा आपल्या गटातल्या त्या बहिणींकडेही लक्ष हवे.

प्रत्येक वेळी दोष गोळीचाच असेल असे नाही. कंपवातात पापण्यांची उघडझाप कमी होते, डोळे कोरडे पडतात, त्यानेही उजेड सोसत नाही. म्हणूनच तपासणी हवी. एक धोका मात्र पाठ करून ठेवा. काहींच्या डोळ्यात पाणी वाहून जाण्याची वाट मुळातच अरुंद असते. बाहुली मोठी झाली की ती बंद होऊन काचबिंदूचा झटका येऊ शकतो. हा प्रकार पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आढळतो. अंधारात बाहुली आणखी मोठी होते, म्हणजे कोंडून बसणे हा उपाय नाहीच. डोळा लाल होऊन ठणकला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसली, डोके दुखून उलटी झाली, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. "मोतीबिंदू असेल, पिकू द्या" म्हणत थांबू नका. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही.

आणि गोळी आपल्या मनाने बंद करू नका. कंपवाताची औषधे एकदम तोडल्याने माणूस ताठून गंभीर आजारी पडू शकतो. डोस बदलायचा तो डॉक्टरांनीच, हळूहळू.

आजीला आम्ही डॉक्टरांकडे नेले. डोळ्यांचा दाब तपासला, गोळीचा डोस टप्प्याटप्प्याने उतरवला. डॉक्टरांनी दोन्ही बाजू समजावल्या, कौल मात्र आजीचाच घेतला. आता हात जरा जास्त थरथरतात, पण ती ओट्यावर बसते. "थरथर चालंल, पोरं दिसाया पायजेत," असे ती म्हणते.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत पहिलाच हक्क माहितीचा आहे. पण तो आपोआप चालत येत नाही. कुणीतरी सोबत जाऊन विचारावे लागते. केजकरांना अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. तिथे जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घ्या आणि तीन प्रश्न विचारा: ही गोळी कशासाठी? हिने काय त्रास होऊ शकतो? त्रास झाला तर कुणाला सांगायचे?

बाईची तक्रार आधी खरी मानायची, मग तपासायची. आपण मात्र उलटे करत आलो आहोत. दसऱ्यानंतर गावे रिकामी होतात, तेव्हा मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांची दारे एकदा ठोठावा. कुणी अंधारात बसलेली आढळली, तर तिच्या गोळ्या बघा, तिचे ऐका. आणि काय घडले ते आम्हाला जरूर कळवा.