दंडाची पावती नको, गावाची ताटे हवीत

काल्याचे कीर्तन संपते, पंगत बसते आणि वाढपी येईपर्यंत प्रत्येकाला एक हात ताटावर दाबून धरावा लागतो. ताट थर्माकोलचे, वारा सुटला की उडणारे. कढत आमटी पडली की तळ मऊ होतो, तेलाचा तवंग आणि हळद आत उतरते. पाचशे माणसे जेवून उठली की पाचशे ताटे देवळामागे पडतात. चिकटलेल्या भातासाठी, बुंदीसाठी गुरे त्यात तोंड घालतात. उरलेला ढीग रात्री पेटवतात आणि सकाळी दोरीवरच्या धुण्यावर काजळीचे धागे दिसतात.

हे थांबवा म्हटले की लोहारा तालुक्यातल्या आपल्या माकणी गावात पहिले उत्तर येते, ‘बंदी सरकारची, ग्रामपंचायत काय करणार?’ हे साफ चूक आहे. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी प्लास्टिक कचऱ्याची जबाबदारी ग्रामपंचायतींवरही टाकली. राज्याने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने थर्माकोलची ताटे, वाट्या, पेले बंद केले आणि कारवाईचे अधिकार तलाठी-ग्रामसेवकांपर्यंत पोचवले. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड, दुसऱ्याला १०,०००, तिसऱ्याला २५,००० आणि कैदही. कायदा अपुरा नाही.

तरी ताटे येतातच, आणि त्याचे कारण मला ठाऊक आहे. लेकीच्या लग्नाच्या मांडवात जाऊन बापाच्या हातावर पाच हजारांची पावती ठेवणारा ग्रामसेवक मी पाहिलेला नाही. त्याने तसे करावे असे मला वाटतही नाही. आपण त्या बापाच्या हातातले ताट काढून घेतले, पण बदल्यात दिले काहीच नाही. बंदी फसली ती इथे.

‘थर्माकोलचा पुनर्वापर होतो’ असेही कोणी सांगतात. न्यूयॉर्कमध्ये उत्पादकांनी हाच दावा करून शहराची बंदी न्यायालयात रद्द करून घेतली होती. पुन्हा तपास झाला, अन्नाने माखलेल्या या मालाचा पुनर्वापर व्यवहारात जमत नाही असे ठरले आणि २०१९ मध्ये तिथे बंदी लागू झाली. तिथे जे जमले नाही, ते लोहारा तालुक्यात कोण करणार?

खरा वजनदार आक्षेप पाण्याचा. ‘प्यायला पाणी नाही, ताटे कशाने धुणार?’ एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या मुलखात हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. पण हिशेब करा. ताटामागे एक लिटर धरले तरी पाचशे ताटांना पाचशे लिटर, म्हणजे पाच हजार लिटरच्या टँकरचा दहावा भाग. खरकटे आधी गुरांच्या टोपल्यात झाडून घेतले तर त्याहून कमी, आणि ते पाणी झाडांना जाते. टंचाईच्या वर्षी पळसाच्या पत्रावळी वापराव्यात. त्या उकिरड्यावर कुजून खत होतात. चकचकीत थर चढवलेली कागदी पत्रावळ मात्र पर्याय नव्हे. तिच्यात प्लास्टिकच असते.

आणि पाण्याचेच बोलायचे तर निम्न तेरणा प्रकल्पाचे धरण माकणीतच आहे. थर्माकोल कुजत नाही, त्याचे मणी सुटतात आणि वाऱ्याने, ओढ्याने पाण्यावर जातात. हेच पाणी औशाला पितात. पाण्याची काळजी असेल तर ती इथेही दिसली पाहिजे.

‘गरिबाला परवडत नाही’ म्हणतात, तर म्हणूनच ताटे गावाची असावीत. ही कल्पना नवी नाही. देवळाची भांडी लग्नकार्याला नेण्याची रीत आपल्याकडे होतीच. परातींच्या काठावर देणाऱ्याचे नाव कोरलेले असे. आई-वडिलांच्या स्मरणार्थ पन्नास ताटे देणारी घरे आजही गावात निघतील. उरलेली ग्रामपंचायतीने स्वनिधीतून घ्यावीत, गरिबाच्या कार्याला फुकट द्यावीत. धुण्याचे आणि मोजून घेण्याचे काम बचत गटाला मजुरीवर द्यावे, फुकट राबवून नव्हे. एवढे झाल्यावर थर्माकोल विकणाऱ्या दुकानदाराला दंड करा, मी स्वतः पंच म्हणून सही करीन.

पुढच्या ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा होईल. बायांनो, तिथे पहिला विषय हाच मांडा: पाचशे स्टीलची ताटे, तेवढ्याच वाट्या आणि पेले, आणि ते ठेवायला समाजमंदिरातली कुलपाची एक खोली.