एका खोलीतील पाच जण

जाझ आणि पाश्चात्त्य अभिजात संगीत यांच्या संयोगाविषयी आपल्याकडील जाणकार रसिकांच्या मनात एक अढी असते. 'फ्यूजन' हा शब्द कानी पडताच नाक मुरडावे, अशी आपली रीतच आहे, आणि पुष्कळदा ती रास्तही ठरते. जाझ पियानोवादकाच्या मागे दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो मांडायचे व त्यांच्याकडून नुसते लांब स्वर भरून घ्यायचे, यात कसली आली मैफल? तो केवळ मखमली पडदा. जपानी पियानोवादिका हिरोमी उएहारा यांनी टोकियोत जे केले ते मात्र या प्रकारात मोडत नाही. आम्हां वैद्यकव्यावसायिकांनी त्याचा थोडा विचार करावा, असे मला वाटते.

२०२० साली कोविडमुळे जपानच्या सीमा बंद झाल्या आणि परदेशी कलावंतांच्या भरवशावर चालणारे 'ब्लू नोट टोकियो' हे जाझगृह ओस पडले. ते टिकावे म्हणून हिरोमी यांनी तेथे सोळा दिवसांत एकल वादनाचे ३२ प्रयोग केले. वर्षअखेरीस व जानेवारी २०२१ मध्ये त्या पुन्हा तेथे बसल्या, त्या वेळी सोबत तंतुवाद्यांचा चौकडा होता. पहिले व्हायोलिन न्यू जपान फिलहार्मोनिकचे तात्सुओ निशिए यांच्या हाती होते. या पाच जणांसाठी रचलेली 'सिल्व्हर लायनिंग सूट' ही चार भागांची कृती २०२१ मध्ये ध्वनिमुद्रित रूपात आली. भागांच्या नावांचा अर्थ क्रमाने असा : विलगीकरण, अज्ञात, भरकटलेले, मनोधैर्य. (यातला पहिला शब्द त्या वर्षी आपण डॉक्टरांनीच घरोघरी पोहोचविला होता!)

त्याआधी, टाळेबंदीच्या काळात, त्यांनी दूरदूरच्या वादकांबरोबर एकेका मिनिटाच्या रचना इंटरनेटवरून सादर केल्या होत्या. त्या मनोहर आहेत. परंतु दोन शहरांतून एकत्र वाजविण्यात एक मूलभूत अडचण असते. आवाज पोहोचण्यास क्षणाचा विलंब होतो, म्हणून एकाने आधी वाजवून पाठवायचे आणि दुसऱ्याने ते ऐकत आपला भाग त्यावर चढवायचा. दुसरा पहिल्याला प्रतिसाद देऊ शकतो. पहिला दुसऱ्याला कधीच नाही. संगत म्हणजे काय हे तबल्यासह ख्याल ऐकत वाढलेल्या आपल्या मंडळींना निराळे सांगावयास नको.

चौकड्याचे वादक समोर लिहिलेले स्वर वाजवितात, पियानोवादिका मात्र मधल्या मोकळ्या जागी उत्स्फूर्त विहार करते. ढोल नाही, बास नाही. लयीचा भार चेलोच्या छेडलेल्या तारा आणि पियानोचा डावा हात यांवर. पियानोचा स्वर उमटताच विरू लागतो, तर गजाचा स्वर वाढविता येतो. अशा वेळी समोरच्याचा गज कधी उचलला जातो, तो श्वास कधी घेतो, हे पाहिल्यावाचून पाऊल टाकता येत नाही. म्हणूनच, विलगीकरणावरील ही रचना वाजविण्यास पाच माणसांना एका खोलीत यावे लागले.

आमच्या व्यवसायातही हीच गोष्ट आहे. २५ मार्च २०२० रोजी भारतात दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. त्या काळात ती आवश्यकच होती. अहवाल पाहणे, औषधाची मात्रा पुन्हा सांगणे, धास्तावलेल्या आईला धीर देणे, यांस दूरध्वनी पुरतो. पण खोकणाऱ्या बाळाचे श्वास शांतपणे पूर्ण एक मिनिट मोजावे लागतात. दोन महिने ते एक वर्ष या वयात पन्नास आणि एक ते पाच वर्षांत चाळीस ही जागतिक आरोग्य संघटनेची सीमारेषा. कुणी म्हणेल, व्हिडिओवरही मोजता येतील. येतीलही. परंतु बाळ रडू लागले की थांबावे लागते, आईला त्याला पदराखाली घ्यायला सांगावे लागते, आपला हात आधी तळव्यावर ऊब देऊन मग छातीवर ठेवावा लागतो. बाळ आपल्याला उत्तर देते, आणि त्या उत्तरानुसार आपली पुढची कृती बदलते.

म्हणून, आई जेव्हा सांगते की मुलाला धाप लागली आहे, तेव्हा केवळ पडद्यावर पाहून औषध लिहून देण्यास माझा आजही विरोध आहे. गर्दीच्या ओपीडीमुळे तशी सवय जडलेल्या तरुण सहकाऱ्यांना हे जुनाट वाटेल. त्यांनी हे ध्वनिमुद्रण जरूर ऐकावे, आणि पियानो सोडून चेलोकडे कान द्यावा.