पुनरारंभाची कैफियत

वजन उतरवण्याचा नेम धरलेल्या माणसाचा नेम एकदा मोडला की त्याच्याविषयी आपल्याकडे जो निकाल दिला जातो, तो इतका तत्पर आणि इतका एकतर्फी असतो की त्यात त्या माणसाची बाजू ऐकून घेण्याची गरज कोणासही भासत नाही. ‘मनावर ताबा नाही’ एवढ्या तीन शब्दांत प्रकरण दप्तरदाखल होते, आणि हा निकाल देणाऱ्यांत बहुधा तो माणूस स्वतःच सर्वांच्या पुढे असतो. या निकालाविरुद्ध फेरसुनावणी मागण्यासाठी मी हा लेख लिहीत आहे.

आपल्या शास्त्रार्थाची जुनी रीत अशी की प्रतिपक्षाचे म्हणणे आधी त्याच्या पूर्ण बळानिशी मांडावे आणि मगच त्याचा परिहार करावा. त्या रीतीने पाहता पूर्वपक्ष दुबळा नाही. तो म्हणतो की व्रताचे सारे सामर्थ्य त्याच्या अखंडतेत असते. एका दिवसाचा खंड पडू दिला की दुसऱ्या दिवसाला वाट मिळते, आणि खंडाला क्षमा करणारा माणूस हळूहळू आपल्या आळसालाच शास्त्राधार पुरवू लागतो. अभ्यास दृढ व्हायचा तर तो दीर्घकाळ, निरंतर आणि आदरपूर्वक झाला पाहिजे, हे पतंजलींचे मत या पक्षाच्या हाती आहेच. शिवाय मोडलेले व्रत पहिल्यापासूनच धरले पाहिजे असे सांगणाऱ्या घरांत आपण वाढलो. तेव्हा दोन वर्षे कष्ट करून उतरवलेले वजन सहा महिन्यांत परत चढले, तर ‘सगळे पाण्यात गेले’ असे म्हणण्यावाचून गत्यंतर नाही, असा या पक्षाचा सिद्धान्त आहे. याच्या शेजारी एक दुसरा, दैववादी पक्षही उभा असतो. शरीर फिरून आपल्या मूळ वजनावर येतेच, मग हा खटाटोप करावाच कशाला, असे तो विचारतो.

यांतला पहिला पक्ष मी सात महिने स्वतःच्या घरात पोसला आहे, म्हणून त्याची ओळख मला पुस्तकातून करून घ्यावी लागली नाही. 92 किलोंवरून दोन वर्षांत मी 79 वर आलो होतो. पहाटे पुण्याच्या वेताळ टेकडीवर जाणे, रात्रीचे जेवण लवकर आणि मोजके, आणि दर रविवारी सकाळी वजन करून ते वहीत टिपणे, एवढाच माझा कार्यक्रम होता. मग एका पावसाळ्यात जिन्यावरून पाय घसरला, घोट्याचे हाड मोडले आणि सहा आठवडे पाय प्लास्टरमध्ये गेला. त्यामागून घरातले लग्न आले, लग्नामागून दिवाळी आली. दोन महिन्यांत पाय बरा झाला. टेकडीवर जायला मात्र मला त्यानंतर आणखी सात महिने लागले.

या सात महिन्यांचा मी पुढे पुष्कळ विचार केला. मला अडवणारे दुखणे पायात नव्हते. वजनाचा काटा, जुन्या पद्धतीचा, लोखंडी, कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत मी उभा सरकवून ठेवला होता, आणि तो झाडू मारताना अडतो अशी सबब मी घरात सांगितली होती. टेकडीवर ज्या मंडळींनी माझे उतरलेले वजन पाहून पाठ थोपटली होती, त्यांना तोंड कसे दाखवायचे, हा प्रश्न रोज पहाटे गजराबरोबर उठे आणि मी कूस बदली. दुकानात भेटलेले एक परिचित ‘काय हो, परत आलं वाटतं सगळं?’ असे सहज बोलून गेले. ते वाक्य मी घरी आणले आणि आठवडाभर उशाशी ठेवले. एका डॉक्टरांनी तर माझे कागद चाळता चाळता ‘तुमच्याच्यानं हे व्हायचं नाही’ असे सांगून टाकले. त्यांच्याविषयी आज माझ्या मनात किल्मिष नाही. पण ते वाक्य वैद्यकाच्या कसोटीवरही चुकीचे होते, आणि ते का चुकीचे होते हे सांगणे मला अगत्याचे वाटते.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1944-45 साली, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवून उपासमारीचा अभ्यास केला. हे तरुण सदसद्विवेकाला स्मरून शस्त्र धरण्यास नकार दिलेले होते; युद्धाच्या ज्वरात सारा देश एका बाजूला असताना ज्यांनी आपल्या तत्त्वापायी लोकनिंदा पत्करली, त्यांच्या मनोनिग्रहाविषयी शंका घेणे कोणालाही शोभणार नाही. अशा या माणसांचे वजन सुमारे एक चतुर्थांश घटले, तेव्हा ते पाककृतींची पुस्तके वाचत बसू लागले, ताटल्या चाटून पुसू लागले, दिवसभर अन्नावाचून दुसरे काही त्यांच्या मनात येईना. आणि अन्न पुन्हा मोकळे झाल्यावरही कित्येकांना कितीही खाल्ले तरी तृप्ती होत नव्हती. पुढे मेलबर्नमधील संशोधकांनी आहार घटवून वजन उतरवलेल्या स्थूल व्यक्तींचा अभ्यास 2011 साली प्रसिद्ध केला, त्यातही वर्ष लोटले तरी भूक चाळवणारी संप्रेरके पूर्वपदावर आलेली नव्हती. अमेरिकेतील दूरचित्रवाणीवरच्या वजन घटवण्याच्या एका गाजलेल्या स्पर्धेतील 14 स्पर्धकांना केविन हॉल यांच्या गटाने सहा वर्षांनी पुन्हा तपासले, आणि 2016 साली जाहीर केले की त्यांची शरीरे विश्रांतीच्या अवस्थेत अपेक्षेपेक्षा रोज सरासरी 500 कॅलरी कमी खर्च करीत होती. म्हणजे चार-पाच पोळ्यांचा ऐवज शरीर दररोज परस्पर शिलकीत टाकते आणि मालकाला त्याची वर्दीही देत नाही. वजन उतरलेल्या माणसाला जी भूक लागते ती त्याच्या शीलाची कसूर नव्हे. दुष्काळ आला असे समजून शरीराने केलेला तो बंदोबस्त आहे. हे ज्याला ठाऊक आहे, त्याने परत वजन वाढलेल्या माणसाला दोष देणे म्हणजे उतारावर ठेवलेला हंडा घरंगळला म्हणून हंड्याला शिक्षा देणे होय.

इथे दैववादी पक्ष लगेच पुढे सरसावेल आणि म्हणेल, पाहा, आम्ही तरी दुसरे काय सांगत होतो? त्याला माझे उत्तर असे की वजन परत येते हे खरे धरले, तरी केलेले कष्ट वाया जातात हे त्यातून सिद्ध होत नाही, आणि याला पुरावा आहे. अमेरिकेतील मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या प्रयोगात 3234 माणसे होती. त्यांतील ज्यांना सात टक्के वजन उतरवावे आणि आठवड्याला दीडशे मिनिटे चालणे वा तत्सम व्यायाम करावा असे उद्दिष्ट देऊन मार्गदर्शन केले, त्यांच्यातील मधुमेहाचे प्रमाण 58 टक्क्यांनी कमी आढळले. हा निष्कर्ष 2002 चा. दहा वर्षांच्या पाठपुराव्यात त्या लोकांचे उतरलेले वजन बरेचसे परत आलेले होते. तरीही त्यांच्यातील मधुमेह इतरांपेक्षा 34 टक्क्यांनी कमीच राहिला. आपल्या चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांनी 531 व्यक्तींवर असाच प्रयोग केला. त्यात आहार आणि चालणे सुधारलेल्यांचे वजन म्हणण्यासारखे घटलेच नाही, पण मधुमेहाचा धोका 28.5 टक्क्यांनी उतरला. काटा हलला नाही आणि आरोग्य मात्र हलले! ‘सगळे पाण्यात गेले’ या वाक्याला याहून थेट उत्तर मला ठाऊक नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी तर याच गोष्टीची दुसरी बाजू स्वतःच्या देहाचा दाखला देऊन दाखवली. 2004 साली ‘द लॅन्सेट’मध्ये त्यांचे आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र छापले गेले; उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही 22.3, पण शरीरातील चरबी युडकिन यांच्यात 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्यात 21.2 टक्के. भारतीय माणूस दिसायला सडपातळ असूनही आतून मेदयुक्त असू शकतो, हा त्यांचा सिद्धान्त आज जगभर मानला जातो. मग ज्या काट्याला चरबी आणि स्नायू यांतला भेद कळत नाही, त्याच्या एकट्याच्या साक्षीवर माणसाच्या दोन वर्षांच्या उद्योगाचा निकाल कसा लावायचा? कंबरेचा घेर, रक्तातली साखर, जिना चढताना लागणारी धाप हेही साक्षीदार आहेत, आणि त्यांना पुकारा झालाच पाहिजे.

आता मूळ मुद्दा अखंडतेचा. दिवाळीत आलेल्या माणसापुढे फराळाचे ताट येते. तो एक चकली घेतो, आणि त्या चकलीबरोबर त्याच्या मनात एक वाक्य उतरते: ‘आज मोडलंच आहे, आता काय ते भाऊबीज झाली की.’ त्याचे नुकसान चकलीने फारसे होत नाही, या वाक्याने होते, कारण त्यानंतरचे चार लाडू, शेव आणि रात्रीचे जेवण हे सर्व त्या वाक्याच्या परवान्यावर खाल्ले जाते. हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी 1975 साली हेच प्रयोगाने दाखवले. ज्यांना खाण्यावर निर्बंध पाळायची सवय होती, त्यांना आधी दोन पेले मिल्कशेक पाजले, तर पुढे ठेवलेले आइसक्रीम ते कमी खाण्याऐवजी जास्त खात. निर्बंध न पाळणारे मात्र स्वाभाविकपणे हात आखडता घेत. म्हणजे अखंडतेचा आग्रह खंडाला आवर घालीत नाही, तो खंडाचे खिंडार करतो.

क्षमा केली की शैथिल्य येते, या आक्षेपाचीही परीक्षा झालेली आहे. ॲडम्स आणि लिअरी यांनी 2007 साली पथ्य पाळणाऱ्या स्त्रियांना आधी डोनट खायला दिले, आणि त्यांतील काहींना नंतर एवढेच सांगितले की असे सगळेच कधी ना कधी खातात, स्वतःला फार लावून घेऊ नका. पुढे गोळ्या-चॉकलेटे समोर ठेवली तेव्हा ज्यांना हा दिलासा मिळाला होता त्यांनी ती कमी खाल्ली. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी 96 लोकांच्या नव्या सवयी कशा रुजतात ते पाहिले: कोणाला 18 दिवस लागले, कोणाला 254 लागतील असा हिशेब निघाला, मध्यक 66 दिवसांचा, आणि मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय रुजण्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

पतंजलींना पूर्वपक्षाने साक्षीला बोलावले आहे, तर त्यांची साक्ष पुरती नोंदवली पाहिजे. त्यांनी चित्तविक्षेपाचे नऊ अंतराय सांगितले, त्यांत शेवटचा अनवस्थितत्व, म्हणजे मिळवलेल्या भूमिकेवर टिकता न येणे. साधक चढतो आणि घसरतो हे त्यांनी गृहीतच धरले होते. आणि याच क्रमात व्याधीही त्यांनी पहिल्या क्रमांकाने मोजली आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन हाच प्रश्न काकुळतीने विचारतो की योगापासून ढळलेल्या माणसाचे काय होते; आणि तिथे मिळणारे उत्तर असे की त्याचे काहीही नष्ट होत नाही, सोडलेल्या जागेपासून तो पुन्हा यत्न करू लागतो. आपल्या परंपरेने ढळलेल्या माणसासाठी योगभ्रष्ट हा स्वतंत्र शब्द घडवला आणि त्याची मिळकत जप्त होऊ दिली नाही. हा वारसा असताना आपण एका भाऊबिजेपायी माणसाला दिवाळखोर ठरवतो, याचे मला मनापासून दुःख होते.

म्हणून माझे मंडन असे आहे की वजनाच्या आणि आरोग्याच्या बाबतीत परत येणे हाच खरा नेम आहे, आणि जो काही अभ्यास करायचा तो परत येण्याचा करावा. डॉ. श्रीकांत जिचकारांपासून निघालेला आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी गावोगाव नेलेला दोन वेळच्या जेवणाचा मार्ग बरा, की दर दोन तासांनी थोडे खावे हा मार्ग बरा, यावर महाराष्ट्रातल्या घराघरांत वाद झडले. पण दोन्ही मार्गांवरून घसरलेल्या माणसाने दुसऱ्या सकाळी काय करावे, हे त्या वादांत फारसे कोणी विचारलेच नाही. त्याने त्या सकाळी उपवास करू नये, दुप्पट चालू नये, प्रायश्चित्त घेऊ नये. नेहमीचा नाश्ता नेहमीच्या वेळी करावा आणि जमेल तेवढे, दहा मिनिटे का होईना, चालून यावे. आणि घरच्यांनी, ताट वाढताना ‘एकाने काय होतंय’ आणि वजन वाढल्यावर ‘आम्ही सांगितलंच होतं’, ही दोन्ही वाक्ये बोलणे सोडावे.

अखेर एका रविवारी मी तो काटा फटीतून ओढून काढला. त्यावर धूळ होती, आणि रिकामाच असताना त्याचा काटा शून्याच्या दीड घर पुढे उभा होता. मागची छोटी चकती फिरवून मी शून्य जुळवले, वर उभा राहिलो, 88. दुसऱ्या दिवशी टेकडी तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच झाली आणि मी एका दगडावर बसलो. रोज येणाऱ्या एक वृद्ध बाई काठी टेकीत वरून उतरत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, ‘बसा हो निवांत. उद्या त्या वरच्या दगडावर बसा.’ इतक्या दिवसांत मला कोणी दिलेला तो एकमेव उपयुक्त सल्ला होता, आणि मी तो तंतोतंत पाळला.

आज माझे वजन 83 किलो आहे. 79 वर ते पुन्हा गेलेले नाही आणि कदाचित जाणारही नाही. साखर मर्यादेत आहे, टेकडी पुरी होते. वहीतली त्या सात महिन्यांची पाने मी कोरीच ठेवली आहेत, फाडलेली नाहीत. ज्या वाचकाचा काटा आज कुठल्या कपाटामागे उभा असेल, त्याला माझी हात जोडून विनंती आहे की त्याने तो आज बाहेर काढावा, आधी शून्य जुळवून घ्यावे, आणि जो आकडा दिसेल तो आजच्या तारखेपुढे लिहावा.