भाव कोणाच्या माहितीवर चढतो?

लालबाग-परळच्या गिरण्यांनी शेअरबाजारासही एक धडा शिकविला आहे. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपानंतर अनेक गिरण्यांची धुराडी थंडावली. परंतु गिरणीखालची जमीन सोन्याच्या मोलाची झाली. 1991 च्या नियमावलीने तिचे महापालिका, म्हाडा व मालक असे तीन वाटे ठरविले; 2001 च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या जागेपुरती उरली आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरविली. अशा कंपनीच्या शेअरचे मोल मागावरील कापडापेक्षा जमिनीविषयीच्या निर्णयावर ठरणे स्वाभाविकच होते. आणि असा निर्णय ज्यास आधी कळतो, त्याचेच फावते.

ज्या शेअरची उलाढाल तुटपुंजी, तेथे हा धोका अधिकच. थोड्याशा खरेदीने भाव उसळतो. पण सामान्य गुंतवणूकदार विकावयास निघाला की गिऱ्हाईक सापडत नाही. एकदा पोळला की तो असा शेअर स्वस्तातच मागतो. मग कंपनीस भांडवल महाग पडते आणि नव्या यंत्रांचा बेत लांबणीवर जातो. आतल्या माहितीवरील सौद्याची किंमत अखेर कामगारही मोजतो ती अशी.

अशा सौद्यांना मनाई करणारे नियम सेबीने 1992 मध्ये केले आणि 2015 मध्ये नव्याने घडविले. आता हवी ती तत्पर अंमलबजावणी. तोवर चढत्या भावाने हुरळून जाण्यापूर्वी वाचकांनी एवढेच विचारावे : कंपनीने नवे यंत्र बसविले काय, की कोणास केवळ नवी बातमी लागली?