पापडखाराचे मोजमाप

चैत्राचे ऊन तापू लागले की बिबवेवाडीतील गच्च्यांवर उडदाचे पापड वाळताना दिसू लागतात, आणि त्याच सुमारास पापडाचा गृहोद्योग चालविणाऱ्या आमच्या वाचक भगिनींची पत्रेही वाढतात. यंदा बहुतेकींचा प्रश्न एकच आहे : खार अपायकारक असल्याचे गिऱ्हाईक सांगते, तेव्हा तो अजिबात वगळावा काय? आमचे स्पष्ट मत असे की वगळू नये. परंतु कोणता खार आपण घालतो हे ठाऊक असल्यावाचून, आणि तो तोलल्यावाचून, डांगरात घालू नये.

लोणारच्या सरोवराकाठी जो क्षार मिळत असे, तो मुख्यतः सोडियम कार्बोनेटच. अबुल फजलाने ‘आईन-इ-अकबरी’त काच व साबण यांस लागणारे जिन्नस त्या मुलखात मिळत असल्याची नोंद केली आहे. साबणाच्या कढईत जाणारा हा क्षार, सोडियम बायकार्बोनेटाच्या जोडीने, आपल्या पापडखारातही असतो. त्याच्या अल्कधर्मामुळे डांगराला चिवटपणा येतो, आणि पापड निखाऱ्यावर धरताच बायकार्बोनेटाचे विघटन होऊन निघणारा वायू, आतल्या वाफेसह, त्याला फुलवितो. आमच्या आजी खाराचे पाणी उकळून, रात्रभर ठेवून, वरची निवळी तेवढी घेत. त्यात गाळ खाली बसे, आणि उकळण्याने बायकार्बोनेटाचे कार्बोनेट होऊन पाणी अधिक तीव्र होई, हे रसायन त्यांना नावाने ठाऊक नसले तरी हाताला ठाऊक होते. म्हणून उकळलेल्या आणि न उकळलेल्या खाराचे प्रमाण एकच धरणे चूक आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व आरोग्य संघटनांच्या तज्ज्ञ समितीने या कार्बोनेटांच्या सेवनास आकड्याची मर्यादा घालण्याची आवश्यकता मानलेली नाही. सावधगिरी हवी ती सोडियमची. प्रौढाच्या दिवसभराच्या आहारात ते २ ग्रॅमपेक्षा कमी असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. एक किलो पिठास ३० ग्रॅम खार घालून शंभर पापड लाटले असे धरले, तर निव्वळ बायकार्बोनेट असल्यास पापडामागे सुमारे ८२ मिलिग्रॅम सोडियम येते, आणि निव्वळ शुष्क कार्बोनेट असल्यास सुमारे १३०. मिठाचा हिशेब निराळाच, आणि रक्तदाबाच्या रुग्णास तो विसरून चालत नाही.

खरा धोका सुट्या, बेनामी पुडीत आहे. धुण्याच्या सोड्याच्या स्फटिकात वजनाने ६३ टक्के पाणी असते. ते उडून गेले की तेवढ्याच वजनात क्षार पावणेतीनपट होतो, आणि कपड्यांसाठी केलेल्या त्या मालाच्या शुद्धतेची हमी कोणी खाणाऱ्यासाठी दिलेली नसते. आम्ही स्वतः एके वर्षी घाईत अशी सुटी पुडी आणली. पापड लालसर पडले, साबणासारखे लागले, आणि पाच किलोंचे डांगर फेकावे लागले. त्या दिवसाची हळहळ अद्याप गेलेली नाही.

मार्केट यार्डाच्या भुसार बाजारातून उडीद पारखून आणणाऱ्या आपण भगिनी खाराच्या बाबतीत मात्र चिमटीवर विसंबतो, ही वहिवाट आता मोडावी. खाद्य म्हणून विकलेला, घटकांचा तपशील छापलेला खारच घ्यावा, आणि प्रत्येक घाण्याचे पीठ, मीठ, खार व खार उकळला की नाही, हे वहीत टिपावे. वेष्टनावरील घटकांत खाराचा उल्लेख लपवू नये. या हंगामातील आपल्या वह्यांचे उतारे आमच्याकडे अवश्य धाडावेत. पुढील अंकाची चार पाने त्यांसाठी राखून ठेवली आहेत.