पुलावरचा वेग आणि वेळापत्रकाची सक्ती

२०१३ सालच्या १९ मार्चला पहाटे गोव्याहून मुंबईकडे निघालेली एक खासगी आरामगाडी खेडजवळ जगबुडी नदीच्या पुलावरून कोसळली व ३७ जणांचा बळी गेला. २०१८ च्या प्रजासत्ताकदिनी रात्री कोल्हापूरच्या शिवाजी पुलाचा कठडा तोडून एक मिनीबस पंचगंगेत पडली; १३ जण मृत्युमुखी पडले. २०२२ सालच्या १८ जुलैला इंदूरहून अमळनेरकडे येणारी राज्य परिवहन महामंडळाची गाडी मध्य प्रदेशात खलघाट येथे नर्मदेच्या पात्रात गेली. किमान १२ जण दगावले. त्यांत चालक आणि वाहक हे दोघेही होते. या अपघातांची तात्कालिक कारणे भिन्न असू शकतील. मात्र एक गोष्ट तिन्ही ठिकाणी समान होती. कठड्याने गाडी अडविली नाही.

अशा दुर्घटनेनंतरचा क्रम आता ठरून गेला आहे. मंत्री भेट देतात, मदत जाहीर होते, चौकशी नेमली जाते आणि ‘चालकाचा ताबा सुटला’ या तीन शब्दांत प्रकरण मिटविले जाते. ताबा का सुटतो आणि सुटल्यावर गाडी पुलावर का राहत नाही, हे दोन प्रश्न तसेच राहतात.

सपाट रस्त्यावर चूक झाली तर गाडी शेतात अथवा चरात जाते. बहुतेक प्रवासी वाचतात. उंच पुलावर चुकीला जागाच नसते. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. आडव्या वाऱ्याचा झोत आला, चाक फुटले अथवा समोरून ट्रक अंगावर आला, तर चालकाचा हात सुकाणूवर वळेपर्यंत गाडी कठड्याला भिडलेली असते. त्यानंतर सारी भिस्त कठड्यावर.

या कठड्याचे सामर्थ्य किती असते? इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांनुसार पुलावरील सर्वसाधारण श्रेणीचा धडकरोधक कठडा सुमारे दीड टन वजनाची मोटार ताशी ११० किलोमीटर वेगाने, २० अंशांच्या कोनात आदळली तर ती अडवावी, अशा बेताने आखतात. प्रवाशांनी भरलेली बस साधारण १५ टनांची, म्हणजे त्या मोटारीच्या दहापट वजनाची. धडकेची ऊर्जा वजनाच्या प्रमाणात आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. साधा हिशेब केला तर त्याच कोनात आदळणाऱ्या बसचा वेग ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास असतानाच कठड्याची ही गृहीत धरलेली मर्यादा गाठली जाते. त्याहून बळकट, ३० टनांचे वाहन अडविणारी श्रेणीही ताशी ६० किलोमीटर वेगच गृहीत धरते, आणि तसे कठडे विशेष धोक्याच्या जागीच योजले जातात. जुन्या पुलांवरचे कठडे तर पादचाऱ्याला आधार देण्यापलीकडे फारसे कामाचे नाहीत.

असे असता केंद्र सरकारने २०१८ साली चौपदरी रस्त्यांवर बसगाड्यांना ताशी ९० किलोमीटरपर्यंत मुभा देणारी अधिसूचना काढली. मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ साली ती रद्द ठरविली. रस्ता रुंद झाला म्हणून वेग वाढवावा, या विचारात पुलाच्या कठड्याला स्थानच नव्हते. वस्तुतः पुलावरची वेगमर्यादा त्या पुलाच्या कठड्याच्या सामर्थ्यावरून ठरली पाहिजे. पूल दुपदरी असेल तर ती सर्व अवजड वाहनांना सारखीच लागू हवी व तेथे ओलांडून पुढे जाण्यास मनाई हवी.

वेगमर्यादेने सर्व काही साधेल, असे मात्र नाही. २०१६ सालच्या २ ऑगस्टच्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूलच वाहून गेला आणि त्याबरोबर एसटीच्या दोन गाड्या गेल्या. तेथे कोणतीही मर्यादा उपयोगी पडली नसती. पुलांची नियमित तपासणी हे सरकारचे कर्तव्य आहे, आणि वेगाचा फलक लावून सरकारला त्यातून सुटका मिळत नाही.

वेग कमी केला तर वेळ जाईल, हा नेहमीचा आक्षेप. अर्धा किलोमीटर लांबीचा पूल ताशी ६० किलोमीटर वेगाने ३० सेकंदांत ओलांडला जातो. ताशी ३५ ने सुमारे ५१ सेकंद लागतात. वाटेत असे दहा पूल आले, तरी फरक साडेतीन मिनिटांचा. ही साडेतीन मिनिटे चालकाला कोण देणार, हा खरा प्रश्न आहे. उशीर झाला की जाब त्याला विचारला जातो, अपघात झाला की गुन्हाही त्याच्यावरच. खासगी गाड्यांत फेऱ्यांच्या संख्येवर मालकाचा नफा ठरतो आणि चालकाची झोप त्या हिशेबात धरली जात नाही. चालकाने दिवसाला ८ तास व आठवड्याला ४८ तासांहून अधिक काम करू नये, हे तत्त्व १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने मान्य केले होते. रात्रीच्या गाड्यांत ते कितपत पाळले जाते, हे प्रत्येक चालक जाणतो.

या बाबतीत कायदा मुका नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १८३ नोकराकरवी मर्यादेबाहेर गाडी हाकविणाऱ्या मालकालाही दोषी धरते. त्याच कलमाचे चौथे पोटकलम आणखी पुढे जाते. वेगमर्यादा मोडल्याविना जे वेळापत्रक पाळणे व्यवहार्य नाही, असे न्यायालयाला वाटेल, ते वेळापत्रक प्रसिद्ध करणाऱ्याने गुन्हा केल्याचा तो सकृद्दर्शनी पुरावा मानला जातो. हे हत्यार कायद्याच्या पुस्तकात पडून आहे, आणि ते उचलणे हे कामगार संघटनांचे व प्रवाशांचे काम आहे.

कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यातील पुलांची यादी करावी. कठडा कोणत्या श्रेणीचा आहे व शेवटची तपासणी केव्हा झाली, हे सार्वजनिक बांधकाम विभागाला माहितीच्या अधिकारात विचारावे. आगारात जाऊन चालकांसमवेत प्रत्येक फेरीचे वेळापत्रक पुलांवरच्या मर्यादेशी ताडून पाहावे आणि जेथे मेळ बसत नाही तेथे ते बदलून घेण्याचा आग्रह धरावा. खासगी मालकांनाही हाच नियम लावण्याची मागणी प्रादेशिक परिवहन अधिकाऱ्यांकडे करावी. पुलाच्या तोंडाशी फलक उभारणे सोपे आहे. त्या फलकावरचा आकडा वेळापत्रकात उतरेल, तेव्हाच चालकाला तो पाळता येईल.